बंदोबस्त मागे, टँकर पुढे : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

स. न. वि. वि.

मी दापोली तालुक्यातला. आमच्याकडे मुलगा काय करतो असं विचारलं आणि ‘बोटीवर असतो’ असं उत्तर आलं, की पुढे कोणी काही विचारत नाही. मीही चौतीस वर्षं बोटीवर होतो, सगळी इंजिन रूममध्ये. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर मंत्र्यांना पत्र लिहिणारा हा कोण, असं आपल्याला वाटलं तर रास्तच आहे. आपण वॉशिंग्टनला राजदूत होता. ते धोरण जिथे ठरतं ती खोली आपण पाहिलीत. मी ते पाहिलं जिथे येऊन आदळतं तिथे, पाण्याच्या पातळीखाली.

जुलै 1987. इराण-इराक युद्ध चालू होतं आणि मी ज्युनिअर इंजिनीअर म्हणून आखातात तेल भरायला जाणाऱ्या एका टँकरवर होतो. होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडताना रात्री डेकवरचे दिवे बंद, पोर्टहोलला आतून जाड कागद, झोपायचं ते लाइफ जॅकेट अंगावर ठेवून. त्याच महिन्यात अमेरिकेने कुवेतच्या टँकरांवर आपला झेंडा चढवून त्यांना युद्धनौकांच्या बंदोबस्तात न्यायला सुरुवात केली. पहिल्याच खेपेला, 24 जुलैला, ‘ब्रिजटन’ हा चार लाख टनांचा टँकर सुरुंगावर गेला. टँकर बुडाला नाही, तसाच पुढे निघाला. पण युद्धनौकांचा पत्रा पातळ, त्यांना सुरुंग झेपला नसता. मग राखायला आलेल्या युद्धनौका टँकरच्या मागे ओळीने लागल्या. फुटलेला टँकर पुढे, आणि जगातलं सगळ्यात मोठं आरमार त्याने मोकळ्या केलेल्या पाण्यातून मागे मागे.

आमच्या मेसमध्ये ही बातमी आली तेव्हा सगळे हसले. आमचा फिटर तेवढा हसला नाही. म्हणाला, त्याच्या मागे निदान कोणीतरी आहे, आपल्या मागे कोण?

तो प्रश्न घेऊनच आज आपल्याला लिहितोय.

पुढच्या वर्षी, 3 जुलै 1988 रोजी, ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं. 290 माणसं गेली, त्यांत 10 भारतीय होते. 1996 मध्ये अमेरिकेने इराणी कुटुंबांसाठी 6 कोटी 18 लाख डॉलर दिले, जबाबदारी मात्र स्वीकारली नाही. कप्तानाला त्या काळातल्या सेवेबद्दल पदक मिळालं.

एवढं वाचून आपण मला अमेरिकाद्वेष्टा ठरवू नये. समुद्र मोकळा राहिला त्यात अमेरिकी आरमाराचा मोठा वाटा आहे, आणि ज्याने चाचे पाहिलेत तो हे नाकारणार नाही. इराण आणि येमेनमधले हूथी बंडखोर यांनाही मी सोवळे समजत नाही. एप्रिल 2024 मध्ये इराणने ‘एमएससी एरीस’ पकडली, तिच्यावर आपली 17 माणसं होती. आपण स्वतः त्यांच्या मंत्र्यांशी बोललात, बोटीवरची एकुलती एक कॅडेट मुलगी काही दिवसांतच घरी आली. त्याबद्दल आमच्या लोकांच्या मनात आपल्याविषयी आदर आहे.

पण तांबड्या समुद्राचा हिशेब मांडायला हवा. नोव्हेंबर 2023 मध्ये हूथींनी ‘गॅलेक्सी लीडर’ ही बोट इस्रायलशी संबंध असल्याचं सांगून पळवली. 18 डिसेंबरला अमेरिकेने तिथल्या बोटी राखायला ‘प्रॉस्परिटी गार्डियन’ नावाची मोहीम जाहीर केली. आपण तीत गेलो नाही, स्वतःच्या नौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात ठेवल्या. माझ्या मते ते शहाणपणाचं होतं. 26 जानेवारी 2024 रोजी ‘मार्लिन लुआंडा’ हा टँकर हूथींच्या क्षेपणास्त्राने नाफ्थ्यासकट, म्हणजे पेट्रोलसारख्या भडकणाऱ्या तेलासकट, पेटला. नाफ्था म्हणजे काय ते टँकरवाल्यालाच ठाऊक, त्याच्या नुसत्या वाफेने आमचे हातपाय थंड पडायचे. बोटीवर 22 भारतीय. आपल्या ‘विशाखापट्टणम’ युद्धनौकेचं पथक आग विझवायला तिच्यावर चढलं, अमेरिकी आणि फ्रेंच नौकाही मदतीला होत्या. मार्चमध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर क्षेपणास्त्र पडलं, तिघे खलाशी मेले, 21 जणांना आपल्या ‘कोलकाता’ युद्धनौकेने उचललं. अमेरिकेने त्या काळात कितीतरी ड्रोन पाडले, हेही खरं.

मग 6 मे 2025 उजाडला. सात आठवडे येमेनवर बॉम्ब टाकल्यावर अमेरिकेने ओमानच्या मध्यस्थीने हूथींशी समझोता केला. तुम्ही आमच्या नौकांवर हल्ले करू नका, आम्ही तुमच्यावर बॉम्ब टाकणार नाही. संपलं. बाकीच्यांचं काय, याचं उत्तर दोन महिन्यांत मिळालं. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ या दोन्ही बोटी बुडवल्या. झेंडा लायबेरियाचा, चालवणारे ग्रीक, खलाशी बहुतेक फिलिपिनो. ‘इटर्निटी सी’वरचे काही मेले, काहींना हूथी पकडून घेऊन गेले. पाण्यात तरंगणाऱ्यांना शोधायला गेल्या त्या भाड्याने घेतलेल्या खाजगी बोटी.

1987 मध्ये संरक्षण हवं तर अमेरिकेचा झेंडा चढवावा लागत होता. 2025 मध्येही तेच. अडतीस वर्षांत एवढाच फरक, की तेव्हा टँकरच्या मागे का होईना, युद्धनौका होत्या.

आता आपल्या माणसांचं पाहा. जगातल्या दहा खलाशांत साधारण एक भारतीय असतो, पण तो भारतीय झेंड्याखाली क्वचितच असतो. पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स. या देशांच्या आरमाराची वाट कोणी पाहत नाही. आमच्या वाडीतला एक मुलगा थर्ड इंजिनीअर आहे, तो 2024 मध्ये बाब-एल-मंदेबमधून, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनीतून, गेला. बोटीच्या एआयएसवर, म्हणजे बोट कुठली, कुठे चाललीय हे आसपासच्यांना कळवणाऱ्या मशीनवर, पुढचं बंदर लिहायला वीस अक्षरांची जागा असते. तिथे त्यांच्या कप्तानाने बंदराचं नावच काढून टाकलं आणि लिहिलं, इस्रायलशी संबंध नाही. आसपासच्या बोटींवरही तसंच काहीबाही. कोणी ‘सगळे चिनी’ लिहायचा, कोणी ‘सशस्त्र रक्षक आहेत’. आम्ही डोक्यावर झेंडा घेऊन जायचो, ही पोरं चिठ्ठी दाखवत जातात. कागदोपत्री त्याला त्या पट्ट्यात मूळ पगार दुप्पट आणि नकार द्यायचा हक्कही होता. नकार दिला असता तर पुढचं काँट्रॅक्ट कोणी दिलं असतं, हे आपणच सांगावं.

कायद्याचंही तसंच. समुद्रात ये-जा करायचं स्वातंत्र्य, हे शब्द अमेरिकी निवेदनात हमखास असतात. पण 1982 चा समुद्र कायद्याचा करार अमेरिकेने आजवर मंजूर केलेला नाही. आपण 1995 मध्येच केला. तरी त्याच करारातलं स्वातंत्र्य सांगत 7 एप्रिल 2021 रोजी त्यांची ‘जॉन पॉल जोन्स’ लक्षद्वीपच्या पश्चिमेला आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रातून, म्हणजे किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यातून, गेली, आणि भारताची पूर्वपरवानगी न घेता गेलो हे त्यांनी स्वतःहून जाहीरही केलं. आपल्या खात्याने राजनैतिक मार्गाने नापसंती कळवली. लष्करी हालचालींना परवानगी लागावी हा आपला आग्रह बरोबर की चूक, यावर वकील भांडोत. मला खुपतं ते वेगळंच. स्वातंत्र्य सिद्ध करायला मित्राच्या दारासमोरून नौका नेता येते, मग ‘इटर्निटी सी’ दोन दिवस मार खात होती तेव्हा तेच स्वातंत्र्य कुठे गेलं होतं?

अमेरिकेशी तोडा, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडून आपण टेहळणी विमानं घेतो, एकत्र कवायती करतो, संरक्षण आणि परराष्ट्रमंत्र्यांच्या टू प्लस टू बैठका होतात. त्या बैठकांनंतरची निवेदनं मी नातवाकडून मोबाइलवर काढून वाचतो. इंडो-पॅसिफिक असतं, तंत्रज्ञान असतं, दहशतवाद असतो. खलाशी हा शब्द शोधतो आणि चष्मा पुसून पुन्हा शोधतो.

तर मागणं असं. पुढच्या बैठकीत एक वाक्य आपल्या बाजूने टेबलावर ठेवा : समुद्रातल्या कुठल्याही समझोत्यात व्यापारी बोटीवरचा माणूस धरला जाईल, मग बोटीवर झेंडा कोणाचाही असो. फिलिपिन्स आपल्या बाजूला बसेल, त्यांचीच माणसं जास्त मेलीत. वाक्य त्यांना मान्य झालं तर उत्तमच. नाही झालं तर तेही आम्हाला कळू द्या, म्हणजे पोरांना बोटीवर पाठवताना घरच्यांनी काय धरून चालायचं ते ठरवता येईल.

वाडीतला तो मुलगा पुढल्या महिन्यात पुन्हा साइन ऑन करतोय. बोट कुठली, तर मार्शल आयलंड्सची. रूट अजून सांगितलेला नाही. बॅग भरताना त्याच्या आईने मला विचारलं, काका, ह्या वेळी त्या मशीनवर काय लिहितील?

कळावे,
आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनीअर,
ता. दापोली, जि. रत्नागिरी