दरवर्षी एक लहानसा झगा

निपाणी,
२९ डिसेंबर

प्रिय मनू,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

नाताळच्या दिवशी फोनवर तू मला दोन गोष्टी विचारल्यास. नवीन वर्षासाठी काय ठरवलंयस, आणि पदरात एवढं लहान लेकरू असताना त्या ऊसतोडवाल्यांच्या वस्तीवर कशाला जातेस. तेवढ्यात चिऊ जागी झाली आणि बोलणं तिथंच राहिलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. दोन्हींचं उत्तर मला एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून फोन न करता लिहायला बसले. चिऊ झोपलीय, सासूबाई तिच्याजवळ आहेत, हे अजून कामावरून यायचेत.

आधी माझ्या प्रार्थनेबद्दल सांगते, कारण बाकी सगळं तिथूनच निघतं. मिरजेच्या हॉस्टेलवर आपण पहाटे उठून शास्त्र, आपलं बायबल, वाचायचो, आठवतं ना? ड्युटीला जायच्या आधी तासभर शांत मिळायचा. लग्नानंतरही मी ते टिकवलं होतं. चिऊ झाल्यावर ते गेलं. पहाट तिची झाली, रात्रही तिचीच. पहिले काही महिने मला वाटायचं, देवाशी माझं बोलणंच तुटलंय. मग एका रात्री तिला पाजता पाजता १३१वं स्तोत्र आठवलं. तीनच ओव्यांचं आहे, म्हणून पाठ राहिलेलं. आईजवळ निवांत बसलेल्या, दूध तुटलेल्या बाळासारखा माझा जीव शांत आहे, असं दावीद त्यात म्हणतो. तोवर मी ते नेहमी बाळाच्या बाजूनं वाचत आले होते. त्या रात्री पहिल्यांदा आईच्या बाजूनं वाचलं. अंगावर पिणारं बाळ आईला हुंगतं, धडपडतं, रडतं, त्याला दूध हवं असतं. दूध तुटलेलं बाळ नुसतं येऊन बसतं. त्याला आई हवी असते.

मनू, इतकी वर्षं माझ्या प्रार्थना दुधासाठीच्या होत्या गं. परीक्षा, नोकरी, लग्न, मूल. मागणं वाईट आहे असं मी म्हणत नाही, प्रभूनंच मागायला शिकवलंय. पण आता रात्री तीन वाजता मांडीवर चिऊ असते, हातात पुस्तक धरता येत नाही, शब्द सुचत नाहीत, आणि तरी मी त्याच्याजवळ बसलेली असते. माझ्या विश्वासाला एवढी खोली पूर्वी कधी नव्हती. चिऊ आता दीड वर्षाची झाली. पुढच्या वर्षात कधीतरी तिचंही दूध तुटेल, आणि ते स्तोत्र मला पुन्हा नव्यानं वाचावं लागेल.

आता वस्तीबद्दल. दिवाळी झाली की आमच्याकडे टोळ्या येतात, तुला माहीत आहेच. बीडकडच्या पाटोदा, गेवराई, केज, शिरूर कासार या तालुक्यांतून नवरा-बायकोच्या जोड्या येतात. जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. गावाबाहेर मोकळ्या रानात पाचटाच्या, ताडपत्रीच्या खोपी उभ्या राहतात. पहाटे अंधारातच माणसं फडात जातात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. रात्री-अपरात्री गाडी आली की पुन्हा भरायला उठायचं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत हे चालतं.

आणि मुलं? तान्ही असतील तर बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून त्यात. रांगणारी असतील तर खोपीत, मोठ्या बहिणीच्या जिवावर. ती मोठी बहीण म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोर, गावाकडची शाळा सोडून आलेली. डिसेंबरातली इथली थंडी तुला ठाऊक आहे, फडात तर दवानं कपडे ओले होतात. मागच्या हिवाळ्यात चिऊला कडेवर घेऊन मी स्तवनिधीच्या वाटेनं चालले होते. तिच्या अंगात स्वेटर, कानटोपी, पायात मोजे. रस्त्याकडेला तिच्याच वयाचं एक बाळ नुसत्या झबल्यात चुलीजवळ बसलेलं होतं. मी नर्स आहे, भाजलेली मुलं मी वॉर्डात पाहिलीत. पाय पुढे जाईनात. मी थांबले, त्याच्या बहिणीशी बोलले, बाळाला चुलीपासून जरा लांब बसवलं. सुरुवात एवढीच.

यंदा टोळ्या आल्या तेव्हा मी महिला मंडळात विषय काढला. आमचं चर्च लहान, बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पण प्रत्येकीच्या घरात जुनी लुगडी आहेत आणि वाकळ शिवणारे हात आहेत. सासूबाईंनी उभी हयात विड्या वळल्या. इथल्या किती बायकांचे संसार तंबाखूवर चालले ते तू पाहिलंयस. सासूबाईंची बोटं अजून अशी चालतात की मी टाका घालेपर्यंत त्यांची ओळ पुरी होते. नाताळच्या आधी लहान वाकळी तयार झाल्या, टोपडी झाली, आपापल्या घरातली झबली, स्वेटर धुऊन इस्त्री करून आली. करंज्या-शंकरपाळ्यांचे डबेही गेले.

तिथं मंडळात एक प्रश्न निघाला, तो तुला सांगायलाच हवा, कारण तूही विचारशील. एक काकू म्हणाल्या, वाकळीबरोबर शुभवर्तमानाची पत्रकंही देऊ या, नुसतं कापड देऊन काय होणार. त्यांचा हेतू चांगलाच होता. मी नको म्हटलं, आणि आजही माझं मत तेच आहे. जी बाई मुकादमाची उचल डोक्यावर घेऊन आलीय, जिला एक दिवसाचा खाडासुद्धा परवडत नाही, ती कुणालाच नाही म्हणू शकत नाही. तिच्या थंडीनं काकडणाऱ्या बाळाला पांघरूण द्यायचं आणि त्याच हातानं तिच्या देवाबद्दल बोलायचं, हे मला तिच्या गरजेचा फायदा घेणं वाटतं. शिवाय आपल्या भागात ख्रिस्ती माणूस वस्तीत गेला की लोकांच्या मनात शंका येतेच. ती शंका घालवायचा एकच मार्ग मला दिसतो, खरोखर काहीही न मागता जाणं. प्रभूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमा बांधल्या, त्याला सरायीत नेलं, पैसे भरले. त्याचा धर्म विचारला नाही, आपला सांगितला नाही. आणि तरी प्रभूनं त्यालाच उदाहरण म्हणून पुढे केलं. कुणी आपणहून विचारलं, ताई तुम्ही का येता, तर मी लपवणार नाही. येशूवर माझा विश्वास आहे म्हणून येते, असं सरळ सांगेन. पाळकसाहेबांनीही हेच योग्य मानलं.

पण मनू, वाकळी देऊन झाल्यावर मला कळलं की खरं काम दुसरंच आहे. लशी. पाटोद्याकडची एक बाई आहे, तिचं बाळ दहा महिन्यांचं. पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीचा दीड आणि अडीच महिन्यांचा डोस गावाकडे झाला, साडेतीन महिन्यांचा राहिला, नवव्या महिन्यातला गोवर-रुबेलाचाही नाही. कार्ड गावी पेटीत. तिनं मला विचारलं, “ताई, इकडं टोचलं तर तिकडं चालंल का?” तिला वाटत होतं, महाराष्ट्रातून इथं कर्नाटकात आलं की लसही बदलते. अशा किती आया असतील! सरकारी केंद्रात कुठंही लस फुकट मिळते, राहिलेला डोस पुढे घेता येतो, हे आपल्याला पाठ आहे, तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. इकडचं कार्ड कन्नडमध्ये, तायी कार्ड म्हणतात त्याला, ते तिला वाचता येत नाही. तिकडचं मराठी कार्ड इथल्या सिस्टरला नीट उलगडत नाही. मधे उभं राहून दोघींचं एकमेकींना सांगणारं माणूस हवं असतं. ते मी होऊ शकते.

अंगणवाडीचंही तसंच. कर्नाटकात २०१७पासून गरोदर आणि बाळंत बायकांना अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण मिळतं, मातृपूर्ण नावाची योजना आहे. योजना चांगली. पण जेवायला केंद्रात यायचं असतं, आणि दुपारी ही बाई फडात असते. पोटात सातवा महिना असतानाही मोळ्या उचलणाऱ्या बायका मी पाहिल्यात. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न किती गाजला होता, सरकारला समिती नेमावी लागली होती. त्या बातम्या वाचून वाईट वाटायचं. आता त्याच बायका समोर बसून आपल्या पाळीचं, अंगावर जाण्याचं, कंबरेचं सांगतात. मी औषध देत नाही, ते माझं काम नाही. दवाखान्यात घेऊन जाते, डॉक्टरांशी बोलते. बीडच्याच दुष्काळी रानातून माणसं बाहेर पडतात तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवतात. १८९६च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना घेऊन केडगावला आल्या. स्वतः विधवा, पदरी एकुलती एक लेक. माझ्या उशाशी त्यांनी भाषांतर केलेलं शास्त्र असतं. त्या बाईनं मूळ हिब्रू-ग्रीक शिकून ते काम केलं, हे मनात आलं की माझा आळस पळतो.

तर मग ठरवलंय काय? पहिलं म्हणजे कन्नड. मिरजेत वाढल्यामुळे ऐकून थोडं कळतं, पण बोलताना अडखळते, आणि वाचता तर येतच नाही. हे फाडफाड बोलतात, यांनी शिकवायचं कबूल केलंय. मार्चच्या आत तायी कार्ड वाचता आलं पाहिजे आणि सिस्टरशी तिच्या भाषेत बोलता आलं पाहिजे. सीमेचा वाद १९५६पासून चाललाय, मोठी माणसं तो न्यायालयात बघून घेतील. मला माझ्या बाळंतिणींसाठी ही भाषा हवीय.

दुसरं, टोळ्या परतायच्या आधी वस्तीवरच्या प्रत्येक बाळाचा पुढचा डोस कधी, हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून आईच्या हातात द्यायचं. बहुतेकींकडे फोन आहे, नवऱ्याचा का होईना. तारीख आली की मी इथून फोन करेन. माणूस गावी गेलं म्हणून आपण त्याला विसरायचं नाही. मला वाटतं, या सगळ्यात हेच सगळ्यात अवघड आहे. डिसेंबरात नाताळच्या उत्साहात वाकळ देणं सोपं असतं, जूनमध्ये फोन करणं कठीण.

आणि तुझी खरी काळजी, चिऊची. ऐक. तिला रोज नेत नाही. आठवड्यातून दोन दुपारी जाते. कुणाला ताप-खोकला असेल तेव्हा तिला सासूबाईंजवळ ठेवते, आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलूनच तिला घेते. क्वायर मी या वर्षी सोडतेय. गाण्याची मला किती हौस ते तू जाणतेस, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग गाताना अजून घसा भरून येतो. पण शनिवारची संध्याकाळ मला घरात हवी आहे. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, त्यांना रोज रात्री एक अध्याय मोठ्यानं वाचून दाखवायचा असं ठरवलंय. चिऊच्याही कानावर पडेल. सुरुवात रूथच्या पुस्तकापासून करणार. परक्या देशातून आलेली सून, सासूला घेऊन, दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेली कणसं, वेचते. शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबाला आणि परदेशीयाला राहू द्या, असा नियम देवानं लेवीय पुस्तकात घालून दिलाय, म्हणून तर रूथ जगली. निपाणीच्या उसाच्या रानात बसून ते पुस्तक वाचणं काही वेगळंच आहे, मनू.

लोक नवीन वर्षासाठी मोठमोठं ठरवतात. माझ्या डोळ्यांपुढे शास्त्रातली हन्ना येते. तिच्या लेकाचं, शमुवेलाचं, दूध तुटल्यावर तिनं त्याला शिलोला देवाच्या घरी ठेवलं, आणि दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून घेऊन जायची. किती माप वाढलं असेल, बाही कुठवर येईल, हे घरी बसून अंदाजानं ठरवत असेल. तिनं वर्षभरात आणखी काय केलं ते शास्त्रात नाही. पण त्या झग्यात तिचं अख्खं वर्ष आहे असं मला वाटतं. आईच्या संकल्पाचं माप तेवढंच असावं, एका मुलाच्या अंगाएवढं. माझ्याकडे या वर्षी चिऊ आहे आणि वस्तीवरची तिच्याच मापाची बाळं आहेत.

आता तुझ्याकडे मागणं. तुमच्या दवाखान्यात लसीकरणाचे मराठी तक्ते येतात, त्यातले जुने-पुराणे जे असतील ते मला पाठव. तुझ्या मोठ्याचे लहान झालेले स्वेटर फेकू नकोस. आणि फेब्रुवारीत दोन दिवस रजा काढून ये. बायकांना त्यांच्या पाळीच्या तक्रारींबद्दल तुझ्यासारखी अनुभवी बाई समजावेल तसं मला जमत नाही. कोल्हापूरहून येताना हायवेवर उतर, हे गाडी घेऊन येतील. काकूंना आणि भाऊजींना सलाम सांग. मुलांना खूप खूप पापे.

३१च्या रात्रीच्या उपासनेत तुझं नाव घेऊन प्रार्थना करीन. तूही कर, विशेषतः त्या पाटोद्याच्या बाळासाठी. त्याचे राहिलेले दोन्ही डोस येत्या आठवड्यात द्यायचेत, आणि त्याच्या आईला त्या दिवसाचा खाडा माफ करायला मुकादम अजून तयार झालेला नाही.

तुझीच,
बेबी