ताई, तुम्ही लाइनवर होतात म्हणून

ताई,

आभार मानायला दोन महिने लावले. हंगामात श्वास घ्यायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या रात्रीचं आठवलं की अजून घशाशी येतं.

आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर दोन सर्व्हरच्या क्लस्टरवर चालतं. एक पडला तर दुसरा उचलेल, असं सांगून ते आमच्या गळ्यात मारलं होतं. त्या रात्री वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली, दोन्ही सर्व्हर एकदम बसले. वीज आली, पण डेटाबेस काही उठेना. बाहेर ट्रॅक्टरची रांग फाट्यापर्यंत. ऊस उभ्या गाडीत वाळतो, वजन घटतं ते शेतकऱ्याचं. हाताने पावत्या लिहायला घेतल्या, तर 'काटा मारताय काय?' म्हणून दोघे अंगावर आले. त्यांचं तरी काय चुकलं?

ज्यांनी क्लस्टर बसवला त्यांना सात फोन केले. 'आमच्या बाजूने सगळं ओके आहे, रीस्टार्ट करून बघा.' बघितलं. तीनदा. शेवटचा फोन तर उचललाच नाही.

मग दोन वर्षांपूर्वीच्या ट्रेनिंगमधला तुमचा नंबर सापडला. रात्री पावणेदोनला परक्या बाईमाणसाला फोन करायचा, हात थरथरत होता. तुम्ही एवढंच विचारलंत, 'कॉन्फिगरेशन समोर आहे? एकेक ओळ वाच, घाई नाही.'

वाचून संपलं तशी तुम्ही हसलात. 'अरे, यांनी सगळ्यांना एका पंगतीत बसवलं, पण आधी पान मांडायचं हे कुणाला सांगितलंच नाही!' डिस्क, डेटाबेस आणि आयपी (म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता) एकाच सर्व्हरवर राहावेत हा नियम होता. कुणी कुणाच्या आधी उठायचं, हा नव्हता. पेसमेकर, म्हणजे क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर, या दोन गोष्टी वेगळ्या धरतो, हे मला त्या रात्री कळलं. एरवी डिस्क झटकन माउंट व्हायची, म्हणजे आपल्या फोल्डरला जोडली जायची, म्हणून निभावत होतं. त्या दिवशी फाइलसिस्टीमच्या दुरुस्तीत वेळ गेला, आणि डेटाबेस रिकाम्या फोल्डरवर उठायला गेला. एकदा सुरू होताना आपटला की फेलकाउंट, म्हणजे फसल्याचा आकडा, थेट इन्फिनिटी, म्हणजे पेसमेकरच्या हिशेबात १०,००,०००. मग त्या सर्व्हरचं दार बंद. दुसऱ्यावर तीच गत.

तिघांचा एक ग्रुप केला: आधी डिस्क, मग डेटाबेस, शेवटी आयपी. बंद होताना आपोआप उलटा क्रम. जुन्या चुका क्लीनअपने पुसल्या. अडीचला काटा सुरू झाला. मी 'थँक्यू ताई' म्हणून फोन ठेवणार, तोच तुम्ही म्हणालात, 'थांब. पहाटे रांग कमी झाली की चालता सर्व्हर मुद्दाम स्टँडबायवर टाकून, म्हणजे कामातून बाजूला काढून, बघू. मला फोन कर, मी जागी आहे.'

साडेचारला केला. कमांड टाइप केली, एंटरवर बोट ठेवलं आणि दाबवेना. तुम्ही 'दाब' म्हणाला नाहीत, 'घाबरू नकोस'ही नाही. फक्त म्हणालात, 'मी आहे लाइनवर.' मग मी दाबलं. स्क्रीनवर एकेक नाव खाली गेलं, दुसऱ्या सर्व्हरवर एकेक वर आलं. तेवढा वेळ तुमच्याकडून कपात चमचा फिरल्याचा आवाज तेवढा येत होता. आयपी वर आला तेव्हा मी रडलो, ते तुम्हाला ऐकू गेलं असणार. तुम्ही तसं दाखवलं नाहीत.

पैसे घेऊन बसवणाऱ्यांनी ही चाचणी एकदाही केली नव्हती. तुमचा आमच्याशी एका नंबरापलीकडे संबंध नव्हता. असं फुकट कुणाबरोबर जागणारी माणसं अजून आहेत, हे मी आता काट्यावरच्या पोरांना सांगत असतो. पोरं कंटाळली आहेत.

गेल्या आठवड्यात पहिला सर्व्हर पुन्हा बसला. मी घरी जेवत होतो. सकाळी लॉग बघितला तेव्हा कळलं. रांगेतल्या कुणालाही कळलं नव्हतं.

पत्ता कळवा. साखर तुम्हाला कुठेही मिळेल, गुऱ्हाळावरची काकवी पाठवतो.

तुमचा,
काट्यावरचा सिस्टीमवाला