अँटेना ‘डिजिटल’ नसतो, दांड्या मोजून घ्या

महोदय,

‘डिजिटल’, ‘फोर-के’ अशी लेबले लावलेले अँटेना सर्रास विकले जातात आणि गच्चीवरचा धडधाकट अँटेना भंगारात जातो. येणारा सिग्नल डिजिटल की अ‍ॅनालॉग, याच्याशी अँटेनाला देणेघेणे नसते. त्याला फक्त फ्रिक्वेन्सी कळते, आणि ती दांडीच्या लांबीत असते.

टेप लावून मोजा. 150 ला मेगाहर्ट्‌झने भागले की अर्धी तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. दांडी त्याहून साधारण 5 टक्के आखूड ठेवतात. सव्वादोन मीटर भरली तर व्हीएचएफचा (टीव्हीच्या कमी फ्रिक्वेन्सींचा) खालचा पट्टा, 60 ते 80 सेंटिमीटर भरली तर वरचा (174 ते 230 मेगाहर्ट्‌झ), आणि 30 सेंटिमीटर किंवा कमी असेल तर यूएचएफ, म्हणजे त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सी.

माशाच्या काट्यासारखा दिसणारा हा प्रकार म्हणजे यागी-उदा, जपानमध्ये 1926 साली मांडलेला. वायर जोडलेली दुमडलेली दांडी तेवढी सिग्नल उचलते. मागची सर्वांत लांब दांडी तो परतवते, पुढच्या आखूड दांड्या पुढे ओढतात. म्हणून आखूड टोक प्रक्षेपण मनोऱ्याकडे हवे. बरेच अँटेना उलटे बसवलेले दिसतात.

दुमडलेल्या दांडीचा रोध सुमारे 300 ओहम, गोल केबलचा 75. मध्ये 4:1 बलून, म्हणजे हे दोन रोध जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, लागतोच. त्याच्या डबीत पावसाचे पाणी शिरले की जोड गंजतात आणि चित्राचे चौकोन पडू लागतात. केबल आत नेण्याआधी खाली झोळ द्यावा, पाणी तिथून ठिबकते. बूस्टर (सिग्नल वाढवणारे यंत्र) लावायचाच तर अँटेनाजवळ. टीव्हीजवळ लावला तर केबलमधला गोंगाटही वाढतो.

दूरदर्शनने 2016 मध्ये मुंबई, औरंगाबादसह 16 शहरांत डीव्हीबी-टी2 (मनोऱ्यावरून होणारे डिजिटल) प्रक्षेपण सुरू केले ते यूएचएफवर. आपल्या भागात ते आज मिळते का, टीव्हीत तो ट्यूनर आहे का, हे आधी विचारावे. दूरदर्शनच्या फ्री डिशचा मामला निराळा: सिग्नल 93.5 अंश पूर्वेच्या उपग्रहावरून, गिगाहर्ट्‌झमध्ये येतो. त्याला छत्री आणि एलएनबीच (छत्रीपुढे बसणारा सिग्नल टिपणारा भाग) लागतो, दांड्यांचा अँटेना तिथे निरुपयोगी. मुंबईतून छत्री आग्नेयेकडे, उत्तरेपासून सुमारे 131 अंशांवर वळवावी लागते.

उत्पादकांनी खोक्यावर ‘फोर-के’ऐवजी मेगाहर्ट्‌झचा पट्टा आणि गेन (अँटेना सिग्नल किती पटीने उचलतो ते) छापावा, अशी सक्ती व्हायला हवी.

– एक टीव्ही तंत्रज्ञ, ठाणे