मंत्रिमहोदय, ढगाला रेटिंग दाखवायचं कसं?

प्रति,
माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली

विषय : इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचा सराव आणि न झालेलं शिबिर

महोदय,

स. न. वि. वि. आपल्या अखत्यारीतल्या एका कार्यालयाचं पत्र गेल्या आठवड्यात सोलापुरात पोहोचलं. उत्तर आलं याबद्दल आधी आभार, कारण ती सवय आमची सुटली होती. आम्ही सहा पानं लिहिली होती. विचारलं होतं ते एवढंच, की ढगात, धुक्यात आणि रात्री नुसत्या उपकरणांकडे बघून विमान चालवण्याचा हात टिकावा म्हणून पावसाळ्याआधी दोन दिवसांचं सराव शिबिर भरवण्याचं जे तोंडी कबूल केलं गेलं होतं, ते कुठे अडलं? उत्तर दीड ओळीचं आहे : 'संबंधित वैमानिकांचे इन्स्ट्रुमेंट रेटिंग वैध असल्याने प्रश्न उद्भवत नाही.'

पावसाळा येऊन गेला. शिबिर झालं नाही. प्रश्न उद्भवला नाही.

रेटिंग, म्हणजे नुसत्या उपकरणांवर उडण्याची परवानगी, वैध आहे हे आम्हालाही ठाऊक आहे, कागद आमच्याच फायलीत आहे. अडचण अशी, की ढग कागद तपासत नाही. तो कान तपासतो. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. विमान कलून वळायला लागलं की त्यातला द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं, आपण वळतोय. पण तेच वळण दहा-वीस सेकंद चालू राहिलं की द्रव नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि मेंदू सांगतो, सगळं सरळ आहे. आता विमान खरोखर सरळ केलं, तर उलट्या बाजूला कलल्यासारखं वाटतं. माणूस 'वाटतं' त्याप्रमाणे दुरुस्ती करतो, विमान पुन्हा कलतं, नाक खाली जातं, वेग वाढतो. वेग बघून तो योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, मागे ओढतो. पंख कललेलेच असल्यामुळे नाक वर न येता वळण आणखी आवळतं. शेवट काय होतो ते लिहायला नको.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांवर हाच प्रयोग केला. बाहेरचं दिसणं बंद करून त्यांना उडवायला लावलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सर्वांत लवकर २० सेकंदांत, सर्वांत उशिरा ४८० सेकंदांत, सरासरी १७८ सेकंद. सेस्ना १७२ ने ९० नॉट वेगाने तीन अंशांच्या उतारावर १५०० फुटांवरून खाली यायचं तर मिनिटाला ४५० फूट या दराने २०० सेकंद लागतात. म्हणजे शिक्षण नसलेल्या माणसाला सरासरी एक अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे एकदा उतरत येणंसुद्धा, पुरी करता येत नाही. आम्ही शिकलेले आहोत, मान्य. पण आठ महिने हात न लागलेला वैमानिक या दोन टोकांच्या मध्ये नेमका कुठे असतो, हे आपल्या कार्यालयाने कुठल्या तक्त्यात पाहिलं?

हात कशाने जातो ते सांगतो, कारण दीड ओळीत ते मावलं नसावं. पहिल्यांदा स्कॅन जातो. नजर कृत्रिम क्षितिजावरून (विमानाचा कल दाखवणारी डायल) उंचीकडे, परत क्षितिजावर, मग हेडिंगकडे, म्हणजे दिशेकडे, परत क्षितिजावर अशी फिरत राहायला हवी. सराव तुटला की ती एका डायलवर खिळते. १०० फूट उंची सुटलेली असते, माणूस ती परत मिळवत बसतो, आणि तेवढ्यात हेडिंग २० अंश गेलेलं असतं. दुसरं जातं ते आकड्यांचं पाठांतर : किती आरपीएम आणि नाक किती अंशांवर ठेवलं की हे विमान समतल ९० नॉट देतं, किती केलं की ४५० फुटांनी उतरतं. हे आकडे बोटांत असले की डोकं मोकळं राहतं. नसले की प्रत्येक वेळी सुई पळाल्यावर तिच्यामागे धावणं आलं. मग रेडिओवर नवी परवानगी येते, अप्रोचचा नकाशा मांडीवरून घसरतो, आयएलएसची (धावपट्टीकडे रेडिओने नेणारी यंत्रणा) फ्रिक्वेन्सी लावलेली असते पण सीडीआय, म्हणजे मार्ग दाखवणारी सुई, जीपीएसवरून तिच्यावर हलवलेला नसतो, केंद्राची मोर्समधली ओळख ऐकायची राहते. सुई मात्र मधोमध उभी, भलत्याच मार्गावर.

उंचीमापकाचंही तेच. पावसाळ्यात आपल्याकडे दाब खाली असतो. क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा त्या जागेचा दाब) १००५ असताना कुणी प्रमाण १०१३ वरच ठेवलं, तर ८ हेक्टोपास्कलची चूक झाली. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट धरा, म्हणजे उंचीमापक सव्वादोनशे फूट जास्त दाखवतो. कॅटेगरी एकच्या आयएलएसला निर्णयाची उंची, म्हणजे तिथवर धावपट्टी दिसली नाही तर परत वर जायचं ती, असते २०० फूट. उरलेली वजाबाकी आपण करावी. म्हणून जमिनीवर असतानाच क्यूएनएच लावून विमानतळाची उंची येते का हे पाहायचं. ७५ फुटांपेक्षा जास्त फरक पडला तर तो उंचीमापक घेऊन ढगात जायचं नाही.

आणि उपकरणच खोटं बोललं तर? जुन्या पॅनेलवर कृत्रिम क्षितिज आणि हेडिंग इंडिकेटर इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपावर चालतात, वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. पंपाच्या आतली कार्बनची पाती तुटली की पंप क्षणात बसतो, पण क्षितिजाच्या आतलं फिरतं चाक, जायरो, लगेच थांबत नाही. मंदावत, रेंगाळत राहतो. घंटा वाजत नाही, लाल पट्टी येईलच असं नाही. क्षितिजाची रेघ फक्त दोन अंश कलते. तुम्ही ती सरळ करता. ती पुन्हा कलते. तुम्ही पुन्हा सरळ करता, आणि आता विमान खरोखर कललेलं आहे. टर्न कोऑर्डिनेटर ओरडून सांगतोय, होकायंत्र फिरतंय, वेग चढतोय. एकटं क्षितिज म्हणतंय, सगळं ठीक. अशा वेळी पंपाची ओढ मोजणारा सक्शन गेज साडेचार ते साडेपाच इंचांच्या मध्ये आहे का ते पाहायचं, बहुमत कुणाचं आहे ते ठरवायचं आणि मेलेल्या डायलवर कागद चिकटवायचा. हो, कागदच. कारण डोळा सवयीने तिकडेच जातो आणि खोट्यावर पुन्हा विश्वास ठेवतो. हे पुस्तकात वाचून जमत नाही. बाजूला बसलेल्या प्रशिक्षकाने न सांगता ती डायल झाकायला लागते, तीही दर काही महिन्यांनी.

हे फक्त लहान विमानांचं दुखणं आहे असं कुणी सांगितलं तर त्यांना १ जानेवारी १९७८ च्या रात्रीची आठवण करून द्या. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक', बोइंग ७४७, मुंबईहून दुबईला निघालं. कॅप्टनसमोरच्या क्षितिजाने विमान उजवीकडे कललेलंच दाखवलं, ते डावीकडे कलवत गेले, खाली काळा समुद्र, वर काळं आकाश. २१३ माणसं गेली. रेटिंग वैध होतं, महोदय.

अमेरिकेत नियम आहे : प्रवासी असोत नसोत, इन्स्ट्रुमेंटवर उडायचं तर मागच्या सहा महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग (ठरल्या जागी घिरट्या) आणि मार्ग पकडून त्यावर राहण्याचा सराव झालेला हवा. मुदत चुकली आणि आणखी सहा महिने गेले, तर परीक्षकासमोर किंवा इन्स्ट्रुमेंट प्रशिक्षकासमोर बसा. तोही नियम काही सोवळा नाही. एकाच दुपारी, एकाच धावपट्टीवर, लख्ख उन्हात, ऑटोपायलट लावून सहा आयएलएस मारले तरी उड्डाणांची वही भरते. आमच्याकडे तर हूडखालचा (बाहेरचं दिसू नये म्हणून घालायचं झापड) सराव म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. हूडच्या फटीतून खालची ज्वारी दिसत असते. डोळ्याला एवढीशी क्षितिजाची रेघ मिळाली की कान गप्प बसतो, आणि वहीत तास चढतो.

म्हणून आम्ही शिबिरात काय हवं तेही लिहून दिलं होतं. एक अप्रोच क्षितिज झाकून. एक रात्री. एक हाताने उडवून अगदी मिनिमापर्यंत, म्हणजे निर्णयाच्या उंचीपर्यंत, आणि तिथून मिस्ड अप्रोच, म्हणजे न उतरता परत वर, थेट होल्डिंगपर्यंत. बहुतेकांचा खरा गंज तिथेच निघतो. पूर्ण पॉवर दिली की अंधारात नाक प्रचंड वर गेल्यासारखं वाटतं आणि हात नकळत पुढे ढकलतो. आधी पॉवर, मग नाक वर, उंची वाढतेय हे दोन डायलवर पाहायचं, मग फ्लॅप, आणि टॉवरशी बोलणं सगळ्यांत शेवटी. लोक बरोबर उलट करतात, आधी बोलतात.

आता खर्चाचं ऐका. एका तासाला पंधरा हजार धरा, कुठे बारा, कुठे अठरा. सहा महिन्यांना तीन तास, वर्षाला सहा. नव्वद हजार. हा हिशेब पाकिटाच्या मागे केलाय, चुकला असेल तर आपल्या वित्त विभागाने दुरुस्त करावा, त्यांच्याकडे वेळ दिसतो. सिम्युलेटर स्वस्त पडतो, पण तो इथे नाही. पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस पकडा, पुण्यात उतरा, दोन तासांचा स्लॉट मिळाला तर मिळाला, नाहीतर चहा पिऊन परत. नोकरी अजून न लागलेल्या, घर गहाण ठेवून २०० तास पुरे केलेल्या पोरांना हे सांगून बघा. त्यांच्या आईबापांनी सोन्याची पाटली विकून घेतलेलं रेटिंग दर महिन्याला थोडं थोडं गंजतंय, आणि तुमचं कार्यालय म्हणतं ते वैध आहे.

सोलापूरला हे नवं नाही म्हणा. विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून वर्षानुवर्षं भांडण चाललं, १५ जून २०२३ ला ती पडली, २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं ऑनलाइन उद्घाटन झालं, गोव्याचं पहिलं विमान ९ जून २०२५ ला उडालं. उद्घाटन ते उड्डाण आठ महिने! फीत कापायला दृश्यमानता लागत नाही. विमानाला लागते. नुसत्या डोळ्यांच्या नियमांनी उडायचं तर ५ किलोमीटर. कॅटेगरी एकचा आयएलएस असेल तर धावपट्टीवर ५५० मीटर दिसलं तरी चालतं. या दोन आकड्यांच्या मधली जी सकाळ असते, त्या सकाळी होटगी रस्त्यावरच्या आमच्या विमानतळावर बॅगा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'खराब हवामान' एवढेच दोन शब्द मिळतात. होटगी रस्त्याच्या धावपट्टीला कोणती इन्स्ट्रुमेंट अप्रोच आहे, तिची मिनिमा किती, हे प्रवाशाला समजेल अशा भाषेत एकदा जाहीर करा ना.

आयएलएस महाग आहे म्हणाल. मग गगन कशासाठी उडवलं? २०१५ पासून ही भारताची उपग्रह प्रणाली उभ्या मार्गदर्शनासाठी, म्हणजे उतरताना किती उंचीवर असायचं हेही दाखवण्यासाठी, प्रमाणित आहे, आणि एप्रिल २०२२ मध्ये किशनगडला एटीआर ७२ तिच्यावर उतरवूनही दाखवलं. तेव्हा फोटो छान आले होते. धावपट्टीशेजारी अँटेना लावायची गरज नाही. सर्वेक्षण, पद्धतीची आखणी आणि विमानात योग्य रिसीव्हर एवढं लागतं. अर्थात फक्त उपग्रहावर भिस्त नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीजवळ जीपीएसच्या खोट्या सिग्नलांनी काय गोंधळ घातला ते आपल्या खिडकीतून दिसलं असेल. व्हीओआर (जमिनीवरून दिशा सांगणारं रेडिओ केंद्र) लावून, त्याची रेडियल, म्हणजे दिशारेषा, पकडून उडायचा हातही ठेवावा लागतो. पुन्हा सराव आलाच.

गंमत अशी की आमचे ढग सरकारला चांगले परिचित आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेने इथल्याच ढगांत विमानं पाठवून पाऊस पाडण्याचे प्रयोग केले. एका मंत्रालयाला सोलापूरचा ढग आतून माहीत, दुसऱ्याला तो उद्भवतच नाही.

पण मूळ रोग विमानाचा नाहीच. या देशात प्रत्येक गोष्टीची वैधता तपासतात, ती चालते का हे कुणी तपासत नाही. भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याला स्टिकर असतो, पिन गंजलेली. लिफ्टला प्रमाणपत्र असतं, आतला दिवा बंद. उजनी भरते, नकाशावर जलवाहिनी असते, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. सगळं वैध आहे. जिथे माणूस नियम पाळून मरतो तिथे चौकशी समिती बसते आणि पहिल्या पानावर लिहिते, कागदपत्रं व्यवस्थित होती.

असो. शिबिराची तारीख कळवा. दोन दिवस, एक सिम्युलेटर, दोन प्रशिक्षक, वीस वैमानिक. जागा, चहा आणि कडक भाकरी-शेंगाचटणी आमच्याकडून. जून लागण्याआधीची कुठलीही तारीख चालेल, फक्त या वेळी लेखी द्या.

आपले,
सोलापुरातले काही वैमानिक आणि प्रशिक्षक

ता. क. : आपल्या कार्यालयाच्या पत्रावर जावक क्रमांक आहे, शिक्का आहे, सही नाही. ते वैध धरायचं का, तेवढं कळवावं.