आधी ब्रेक, रंग शेवटी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

जुन्या मोटारी विकत घेऊन त्या पुन्हा उभ्या करण्याविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. पण पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याने ती शेवटच्या नट-बोल्टपर्यंत खोलावी आणि मगच कामाला लागावे, हा त्यातला सल्ला वाचून राहवले नाही. मी नेमके तेच केले होते. त्यानंतर चार वर्षे माझी गाडी खोक्यांत होती.

आधी एक बारीक दुरुस्ती. लेखात सगळ्याच जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हटले आहे. काटेकोरपणे पाहिले तर १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्याच व्हिंटेज. माझी १९५७ ची मॉरिस मायनर, म्हणजे मॉरिस या ब्रिटिश कंपनीची छोटी गाडी, त्यात कुठेच बसत नाही. घरात मात्र तिला सगळे व्हिंटेजच म्हणतात, त्यामुळे मी हा मुद्दा फार ताणत नाही.

गाडी घेताना मी भाळलो तिच्या रंगावर. इंजिन जाम आहे, असे विकणाऱ्याने आधीच सांगितले होते. तेवढे सुटले की झाले, असा माझा हिशेब. तो साफ उलटा निघाला. मायनरचे सोळा लाखांहून अधिक नग बनले. त्यामुळे पिस्टनच्या रिंगा, गास्केट, बेअरिंग हे सगळे आजही नवे मिळते आणि पुस्तक समोर ठेवून बसवताही येते. पत्र्याचे तसे नाही. गंज आतून खात येतो आणि रंगाखाली लपतो. मऊ फडक्यात गुंडाळलेले एक साधे लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेला आणि चाकांवरच्या कमानींना लावून पाहिले असते, तर ते जागोजागी घसरून पडले असते. तिथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती.

त्यातून मायनरला वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारी खालची चौकट, नसते. दारांखालून जाणारे पोकळ सिल दिसतात किरकोळ, पण सांगाड्याचा भार पेलण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. दोन्ही बाजूंचे सडलेले सिल मी एकाच दिवशी कापून काढले. दारे आधीच उतरवून भिंतीला टेकवलेली, कारण सगळे सुटे करायचे होते ना! गाडी मधोमध खचली. डोळ्यांना काहीच कळले नाही. नवे सिल वेल्ड करून दारे लावायला गेलो, तेव्हा वरच्या बाजूची फट दोन सुतांनी आवळलेली निघाली. दार लागेना. एका मुरलेल्या पत्रेवाल्याने ते सगळे पुन्हा कापले, खाली नीट आधार दिला आणि एका वेळी एकच बाजू केली, तीही दार जागेवर लावून, म्हणजे फट हलली की लगेच दिसते. त्याला आधी विचारले असते, तर त्याने हे फुकट सांगितले असते.

खोक्यांचे दुःख वेगळेच. खोलताना प्रत्येक बोल्ट कुठला ते आठवते, वर्षभराने काही आठवत नाही. जुन्या गाड्यांत आट्यांचीही नाना घराणी असतात. मॉरिसने १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेन्ट्रीतला इंजिन कारखाना घेतला. तिथली यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी आणि ब्रिटिश मेकॅनिकांच्या हातात पाने व्हिटवर्थ या इंची मापाचे. म्हणून पुढे कित्येक वर्षे मॉरिसच्या इंजिनांत आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची, असा संसार चालला. माझ्या गाडीचे इंजिन ऑस्टिन या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातले, त्यामुळे मी त्या फेऱ्यातून वाचलो. तरीही एका डब्यातले चाळीस बोल्ट लावून पाहण्यात एक अख्खी सुट्टी गेली. आता एक भाग सोडवला की त्याचा फोटो, त्याची पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. आणि तो परत बसल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.

जाम इंजिनाने त्या मानाने फार छळले नाही. प्लग काढून चारही सिलिंडरांत गंज सोडवणारे तेल ओतले, आठवडाभर थांबलो, मग हँडल घालून हलके मागे-पुढे केले. ‘सेल्फ मारून बघू’ म्हणणारे अनेक भेटले. रिंगा चिकटलेल्या असताना सेल्फ मारला तर त्या तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात.

लेखात ब्रेकवर एक ओळही नाही, याचे मला खरे आश्चर्य वाटले. या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकचा एकच सर्किट. एका चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधले रबर फाटले की चारही चाकांचे ब्रेक जातात, पेडल थेट तळाला. पेडलचा दाब ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोहोचवणारा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या आत, त्यामुळे गळती सहज दिसतही नाही. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते आणि वर्षानुवर्षे उभ्या गाडीत आतून गंज चढवते. म्हणून गाडी पहिल्यांदा हलवण्याआधी सिलिंडर, रबरे, नळ्या, ऑइल सगळे नवे हवे. ब्रेकच्या जुन्या लायनरची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. तीच गत पुढच्या चाकांची. मायनरचे पुढचे चाक ज्यावर वळते त्या खालच्या सांध्यात, ट्रनियनमध्ये, आटे असतात आणि त्यांना ग्रीस नियमाने द्यावे लागते. आटे झिजले की सांधा सुटतो आणि चाक मडगार्डखाली दुमडून गाडी जागेवर बसते. रंग कितीही चकचकीत असो.

पेट्रोलविषयी लेखकाने घातलेली भीती मात्र मला जास्तच वाटली. शिसेविरहित पेट्रोलने जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतात त्या कडा, झिजतात हे खरे. पण ती झीज प्रामुख्याने दीर्घकाळ वेगाने पळवल्यावर होते. हेड कधीतरी खोलावे लागेलच, तेव्हा कठीण पोलादाच्या सीट बसवून घ्याव्यात. मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल २०२१ मध्ये अल्जेरियाने बंद केले आणि जगातून संपले, तरी जुन्या गाड्या चालतातच आहेत. त्यापेक्षा इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनी रबरी नळी फुगते, चिरते आणि गरम इंजिनावर थेंब पडू लागतात. ती नळी आधी बदलावी.

माझी गाडी गेल्या वर्षी रस्त्यावर आली. डाव्या दारावर अजून नुसता प्रायमर आहे.

जाता जाता एक विनंती. लेखातल्या दुसऱ्या छायाचित्रात जी निळी गाडी धावताना दिसते, तिच्या पुढच्या टायरच्या बाजूला बारीक भेगा आहेत. नक्षी शाबूत दिसते, पण रबर म्हातारे झाले आहे. टायरवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. तीनच असतील तर तो टायर २००० सालाआधीचा. हे त्या मालकांना कृपया कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक