खानापूर बसमधल्या त्या बाईंना

परवा खानापूर-बेळगाव बसमध्ये माझी विणकामाची पिशवी राहिली. आत नातीचा अर्धा स्वेटर आणि उरल्यासुरल्या लोकरीचं बोक्याचं पांघरूण. (बेळगावची थंडी आमच्यापेक्षा त्यालाच जास्त वाजते!) पिशवी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत देऊन गेलेल्या बाई, तुमचं नावही कळलं नाही. पण सुईवरून निसटलेले टाके तुम्ही एकेक करून उचललेत, उलटा तो उलटा, सुलटा तो सुलटाच, आणि परत सुटू नयेत म्हणून टोकांना रबर गुंडाळलंत. विणणारीशिवाय हे कुणाला सुचणार? मनापासून आभार. मला कानडीतून धीर देत चहा पाजणाऱ्या कंडक्टरदादांचेही. स्वेटर संक्रांतीआधी पुरा होईल. पांघरुणावर बोका आत्ताच पसरलाय.