मनू, त्या रजिस्टरवर सही कोणाची?

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी खाणीत प्रॉडक्शन मागितलं होतं आणि मला नवीन लोकांच्या ट्रेनिंगला टाकलं," आणि मग गप्प झालीस. मला पण पटकन काही सुचलं नाही. रात्री झोप लागली नाही, तेच डोक्यात. फोनवर मला नीट सांगता येत नाही म्हणून लिहितोय, लांबेल जरा, पण पूर्ण वाच.

मी पहिल्यांदा खाणीत खाली उतरलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. ट्रेनिंग म्हणजे काय, तर दोन दिवस एका खोलीत बसवलं, एकाने पुस्तकातून वाचून दाखवलं, शेवटी रजिस्टर फिरवलं आणि आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्या बाजूला बसलेल्या मुलाची पण सही होती त्यात. तिसऱ्या महिन्यात कन्व्हेयर चालू असताना रोलरला चिकटलेला चिखल काढायला त्याने हात घातला आणि पट्ट्याने हात आत ओढला, कोपरापासून गेला. चौकशी बसली तर टेबलावर सगळ्यात आधी काय आलं, ते रजिस्टर. "ह्याला ट्रेनिंग दिलंय, ही बघा सही." अगं पण आधी पट्टा बंद करायचा, स्विचला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्याच खिशात ठेवायची आणि मग हात घालायचा, हे त्याला कोणी एकदा तरी करून दाखवलं होतं का? फक्त वाचून दाखवलं होतं. इतकी वर्षं झाली तरी ती सही माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

त्यानंतर मला एका म्हाताऱ्या सरदारांच्या, म्हणजे खाली गटाच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणाऱ्या माणसाच्या, हाताखाली दिलं. मी खरं शिकलो ते तिथे. ते रोज शिफ्टच्या सुरुवातीला पहार घेऊन छत ठोकत जायचे, एका हाताने ठोका आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवलेली. घट्ट दगड असेल तर टण्ण आवाज येतो आणि बोटांना काहीच लागत नाही, थर सुटलेला असेल तर भद्द वाजतं आणि बोटांखाली बारीक थरथर जाणवते. मला आधी महिनाभर दोन्ही आवाज सारखेच वाटायचे! ते काही बोलायचे नाहीत, परत ठोकायचे, माझी बोटं धरून छताला लावायचे. ठोकताना कुठे उभं राहायचं हे सुद्धा त्यांनीच शिकवलं, नेहमी आधार दिलेल्या छताखाली पाय ठेवून पुढचं ठोकायचं, आणि मागे पळायची वाट मोकळी आहे ना ते आधी बघायचं. चौथ्या की पाचव्या महिन्यात त्यांनी पहार माझ्या हातात दिली आणि म्हणाले तू बघ. मी सगळं ठोकून बघितलं, म्हटलं ठीक आहे. मग त्यांनी स्वतः काहीच तपासलं नाही, सरळ मी पास केलेल्या छताखाली जाऊन बसले. माझं ट्रेनिंग पूर्ण झालं ते त्या दिवशी, त्याची सही कुठेच नाही.

म्हणून मला वाटतं मनू की तुला बाजूला टाकलेलं नाहीये. पुढच्या वर्षभरात जे १४० नवीन लोक येणार म्हणतेस ते खाली काय करतील आणि काय करणार नाहीत ते तुझ्या खोलीत ठरणार आहे.

तुला हम्बोल्ट माहीत आहे, तो जगभर फिरणारा शास्त्रज्ञ. पण तो त्याआधी खाण अधिकारी होता हे फार लोकांना माहीत नसतं. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या मायनिंग अकॅडमीत शिकला, १७६५ ला सुरू झालेली ती, अजून चालू आहे. नंतर खाणींवर देखरेखीला गेला तर त्याला दिसलं की काम करणाऱ्यांना आपण कुठला दगड फोडतोय हेच धड माहीत नाही, इंजिनीअर शिकलेले पण हातात पहार असणारा कोरा. तर त्याने १७९३ मध्ये स्टेबेन नावाच्या गावात खाणकामगारांसाठी शाळा काढली, फुकट, स्वतःच्या खिशातून. वय किती असेल, २४! म्हणजे तुझ्याहून लहान. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याला जे करावंसं वाटलं तेच काम तुला मिळालंय, आणि तुझ्या पगारात मिळालंय.

आता एक गोष्ट जी तू पहिल्याच बॅचपासून करावीस असं मला फार वाटतं. सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे धूर किंवा विषारी वायू झाला की तोंडाला लावून श्वास घ्यायचा, कमरेला बांधलेला डबा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात सागो म्हणून कोळशाची खाण होती, २ जानेवारी २००६ ला तिथे स्फोट झाला, १३ जण अडकले, १२ गेले, एक वाचला. वाचलेल्याने नंतर सांगितलं की आमच्यातले निदान चार रेस्क्यूअर चाललेच नाहीत. तपासणाऱ्यांनी ते उघडून बघितले तर ते सुरू झालेले होते आणि ऑक्सिजन तयार करणारं केमिकल आत शिल्लक होतं. मी हे वाचलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. कारण मी स्वतः घालून चाललोय. आतून येणारी हवा गरम असते, कोरडी, घसा सोलल्यासारखा होतो, श्वास ओढायला जोर लागतो, नाकाला चिमटा लावलेला, तोंडात रबर, बोलता येत नाही. ज्याला हे आधी कोणी सांगितलेलं नाही त्याला पहिल्या दोन मिनिटांत वाटणारच की हे बिघडलंय, आणि तो काढून टाकणार, आणि बाहेर कार्बन मोनॉक्साइड ज्याला वास नाही रंग नाही. त्या अपघातानंतर तिकडे दर तीन महिन्यांनी ड्रिल सक्तीचं केलं आणि श्वास घेताना कसं वाटतं ते दाखवणारं वेगळं ट्रेनिंग पण आणलं. तिथे कायद्याने भुयारी खाणीत नवीन माणसाला ४० तास ट्रेनिंग लागतं, जमिनीवरच्या उघड्या खाणीत २४, आणि दर वर्षी ८ तास उजळणी, आणि सागोत तास भरलेलेच असणार की. तू तास मोजू नकोस. डोळे बांध, गुडघ्यावर बसव, पट्ट्याला लावलेला डबा त्याला स्वतः चाचपडून काढू दे, आणि श्वासाला जोर लागणारं ट्रेनिंगचं मॉडेल घालून शंभर पावलं चालव. प्रत्येकाला. मॅनेजरला सुद्धा.

सिम्युलेटर घेणार आहेत म्हणालीस ते चांगलंच आहे, मी जुना माणूस म्हणून नाक मुरडणार नाही. भरलेला डंपर उतारावर असताना ब्रेक गेला तर काय करायचं हे खऱ्या डंपरवर शिकवता येतच नाही, तिथे सिम्युलेटरच पाहिजे. आणि बिनड्रायव्हरचे डंपर तर २००८ पासून चालतायत, चिलीत, ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये बसून १५०० किलोमीटरवरच्या लोखंडाच्या खाणी बघतात. पण म्हणून माणसं लागत नाहीत असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस, लागणारी माणसं बदलतात. ड्रायव्हर कमी आणि सेन्सर, नेटवर्क, हायड्रॉलिक कळणारे इलेक्ट्रिशियन फिटर जास्त. आणि आजच्या ड्रायव्हरला त्यातलं काय शिकवता येईल ते डंपर यायच्या आधी बघायचं असतं, आल्यावर नाही.

प्लांटवाल्यांना विसरू नकोस ह्यात. सगळे खाण खाण करतात आणि फ्लोटेशनला, म्हणजे दळलेल्या दगडातलं खनिज फेसावर वेगळं करतात तिथे, कोणालाही उभं करतात. चांगला ऑपरेटर वरचा फेस बघून सांगतो, बुडबुडे केवढे आहेत, रंग कसा आहे, फेस चटकन फुटतोय की घट्ट बसलाय, आणि त्यावरून रिएजंट, म्हणजे त्यात घालायची केमिकल्स, कमी जास्त करतो, लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी. खाली वीस जणांनी दिवसभर घाम गाळून काढलेलं खनिज तिथे एका न शिकलेल्या माणसामुळे टेलिंगमध्ये, म्हणजे टाकाऊ गाळात, वाहून जातं.

आता घाई कशाची आहे ते सांगतो. आमच्या पिढीचे लोक निघालेत. अमेरिकेत तर तिथल्या खाण इंजिनीअरांच्या संघटनेचा अंदाज आहे की २०२९ पर्यंत अर्ध्याहून जास्त कामगार, म्हणजे जवळपास २,२१,००० लोक, रिटायर होतील. आणि कॉलेजात मायनिंग घेणारी मुलं कमी कमी होत चाललीयत, सगळ्यांना वाटतं हा धंदा संपत आला, आणि दुसरीकडे प्रत्येक बॅटरीला लिथियम पाहिजे, प्रत्येक वायरला तांबं पाहिजे. नवीन खाण सापडल्यापासून माल निघेपर्यंत सरासरी सोळा वर्षं जातात असं इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीने म्हटलंय. सोळा वर्षं मिळतात गं! तेवढ्यात आजूबाजूच्या गावातला शाळेतला पोरगा वेल्डर होऊन, फिटर होऊन, सर्व्हेअर होऊन तयार होतो. पण होतं काय, जमीन घेताना नोकरीचा शब्द देतात आणि कोर्स सुरू करतात खाण चालू झाल्यावर, मग कुशल माणसं बाहेरून आणतात आणि ज्यांची जमीन गेली ते गेटवर वॉचमन. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला ते फार लागतं. तुमच्या दुसऱ्या टप्प्याला अजून चार वर्षं आहेत म्हणालीस. तर तिथली मुलं आत्ता घे. गणित कच्चं असेल तर गणितापासून घे.

एक गोष्ट राहिली, ती मला आधीच बोलायला पाहिजे होती. तू मायनिंग घेतलंस तेव्हा मी म्हणालो होतो की खाली बाईमाणसाचं काम नाही. १९३५ मध्ये तर कामगारांचा आंतरराष्ट्रीय करारच होता बायकांना भुयारात न नेण्याचा, आणि मी तेच खरं मानून वाढलो. माझं चुकलं मनू. तू पहिल्यांदा खाली जाऊन आलीस आणि सांगितलंस की बूट दोन नंबर मोठा होता म्हणून शिडीवर पाय सरकत होता, तेव्हा मला कळलं की अडचण तुझ्यात नव्हतीच, बुटात होती. नवीन बॅचमध्ये मुली असतील तर त्यांच्या मापाचे बूट, हातमोजे, पट्टे आधी मागव, त्या यायच्या आधी.

आणि ते रजिस्टर. त्यात दोन रकाने कर. एकात शिकणाऱ्याची सही. दुसऱ्यात त्या जुन्या माणसाची जो उद्यापासून त्याच्या शेजारी, त्याच छताखाली काम करणार आहे. ट्रेनरची नको, मॅनेजरची नको. "हा माझ्याबरोबर चालेल" असं त्याने नावानिशी लिहायचं, आणि नाही वाटलं तर नाही म्हणायचा हक्क त्याला द्यायचा, त्याबद्दल त्याला कोणी बोल लावायचा नाही. वरून कुरकुर होईल की ह्याने वेळ लागतो. लागू दे. तू अडून राहा, अडून राहणं तुला लहानपणापासून येतं.

माझ्या तीन डायऱ्या कुरिअरने पाठवल्यात. छत कुठे कधी कसं बोललं ते सगळं तारखेनिशी आहे त्यात, अक्षर वाईट आहे, न लागलं तर फोन कर. तिकडचे जे दोन ओव्हरमन, खाली शिफ्टवर देखरेख करणारे, ह्या वर्षी रिटायर होतायत म्हणालीस त्यांना पण बसवून विचार, मोबाइलवर रेकॉर्ड कर, खोलीत बसवून नको, खाली घेऊन जा, माणूस जागेवर उभा राहिला की त्याला सगळं आठवतं.

पहिल्या बॅचचं डोळे बांधून झालं की कोणाला किती सेकंद लागले ते कळव मला. आणि जे अडकले ते नेमके कुठे अडकले, झाकणाला, चिमट्याला की पट्ट्याला, ते लिहून ठेव.

तुझा,
बाबा